दुरुस्तीचं घड्याळ

दक्षिण कोरियाच्या सरकारी डेटा सेंटरच्या प्रमुखांनी २०२२च्या अखेरीस लोकांना एक शब्द दिला होता. देजॉन शहरातलं आपलं केंद्र उद्या आगीत किंवा भूकंपात समूळ गेलं, तरी तीन तासांच्या आत कारभार पुन्हा सुरू होईल अशी व्यवस्था केलेली आहे, असं त्यांनी सांगितलं. लोकांना त्या दिलाशाची गरज होती, कारण जेमतेम महिन्याभरापूर्वी देशाने एक वाईट आठवडा काढला होता.

१५ ऑक्टोबर २०२२, शनिवार. सोलच्या दक्षिणेला पान्ग्यो इथल्या एका खासगी डेटा सेंटरच्या तळघरात, बॅटऱ्यांच्या खोलीत दुपारी आग लागली. आग विझवण्यासाठी वीज तोडावी लागली आणि काकाओ या कंपनीचे सुमारे ३२ हजार सर्व्हर एकदम बंद पडले. काकाओवर कोरियन माणूस निरोप पाठवतो, टॅक्सी बोलावतो, पैसे देतो, नकाशा बघतो. पाच कोटींच्या देशात साडेचार कोटींहून जास्त लोक ते वापरतात. सगळ्या सेवा पूर्ववत व्हायला १२७ तास ३० मिनिटं लागली. कंपनीच्या दोन मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांपैकी एकाने राजीनामा दिला.

या घटनेत मन लावून वाचण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. त्याच इमारतीत नेव्हर या दुसऱ्या बड्या कंपनीचेही सर्व्हर होते. आग तीच, वीजही तीच गेली. नेव्हरच्या सेवा अडखळल्या, पण काही तासांत मार्गी लागल्या. सरकारी चौकशीत फरकाचं कारण निघालं. काकाओने माहितीच्या प्रती दुसरीकडे ठेवल्या होत्या. पण चालू केंद्रावरचा भार राखीव केंद्रावर हलवण्यासाठी लागणारी साधनं पान्ग्योतच होती. आग लागली तिथेच तीही अडकली.

मग आला २६ सप्टेंबर २०२५. देजॉनच्या त्या सरकारी केंद्रात पाचव्या मजल्यावर लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम चाललं होतं. आग लागू नये म्हणूनच त्या सर्व्हरांपासून दूर नेल्या जात होत्या. रात्री सव्वाआठच्या सुमारास त्यांतल्या एकीने पेट घेतला. आग पूर्ण विझायला सुमारे २२ तास लागले. त्या दिवशी बंद पडलेल्या सरकारी यंत्रणांचा आकडा ६४७ सांगितला गेला. पुढे तो ७०९ करावा लागला, कारण यंत्रणांची यादी ठेवणारी यंत्रणाही बंद पडलेल्यांतच होती. पोस्टाची बँक, नागरिकांच्या दाखल्यांचं संकेतस्थळ, सगळं ठप्प. सरकारी कर्मचारी आपली कामाची कागदपत्रं जिथे ठेवत, ती जी-ड्राइव्ह नावाची साठवण जळून गेली. तिच्यात ८५८ टेराबाइट माहिती होती आणि तिची दुसरी प्रत कुठेही नव्हती. दोन आठवडे उलटले तेव्हा बंद यंत्रणांपैकी जेमतेम तीस टक्के उभ्या राहिल्या होत्या.

तीन तासांचा आकडा कुठून आला असेल? बहुतेक वेळा असा आकडा आराखड्यातून येतो. डेटा सेंटरच्या जगात मोजमापाची कमतरता नाही. पण मोजलेला आकडा आणि ठरवलेला आकडा एकाच तक्त्यात शेजारीशेजारी छापले जातात, आणि वाचणाऱ्याला ते सारखेच दिसतात.

मूळ आकडे दोनच आहेत. यंत्रणा बिघाडाशिवाय सरासरी किती तास चालते, हा पहिला. त्याला एमटीबीएफ म्हणतात. बिघडली की परत उभी राहायला सरासरी किती वेळ लागतो, हा दुसरा; तो एमटीटीआर. पहिल्याला दोन्हींच्या बेरजेने भागलं की उपलब्धता निघते, आणि ती टक्क्यांत सांगतात. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाकाठी पावणेनऊ तास बंद. ९९.९९ म्हणजे साधारण ५३ मिनिटं. ९९.९९९ म्हणजे सव्वापाच मिनिटं. या धंद्यातली माणसं ‘थ्री नाइन्स’, ‘फोर नाइन्स’, ‘फाइव्ह नाइन्स’ असंच बोलतात, आणि दशांशचिन्हापुढच्या एकेका नवासाठी कोट्यवधी रुपये मोजले जातात.

अमेरिकेतल्या अपटाइम इन्स्टिट्यूटने १९९०च्या दशकात डेटा सेंटरच्या चार श्रेणी ठरवल्या. तिसऱ्या श्रेणीत कोणताही भाग देखभालीसाठी बाजूला काढला तरी केंद्र चालू राहिलं पाहिजे. चौथ्या श्रेणीत अचानक झालेला कोणताही एक बिघाड पचवता आला पाहिजे. पनवेलजवळचं योट्टा कंपनीचं केंद्र या चौथ्या श्रेणीचं आहे. तिसऱ्या श्रेणीला ९९.९८२ आणि चौथीला ९९.९९५ टक्के असे आकडे पूर्वी जोडले जात. संस्थेने नंतर आपल्या मानकातून ते टक्के काढून टाकले, कारण इमारतीची रचना आणि प्रत्यक्ष उपलब्धता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माहितीपुस्तिकांत मात्र ते टक्के आजही छापले जातात.

टक्क्यांत आणखी एक गोष्ट लपते. वर्षातून एकदाच, पण सलग आठ तास बंद पडणारी यंत्रणा आणि वर्षात शंभर वेळा पाच-पाच मिनिटं बंद पडणारी यंत्रणा, दोन्हींची उपलब्धता जवळजवळ सारखीच येते. फोटो साठवणाऱ्याला दुसरी चालेल. शस्त्रक्रियेच्या टेबलाशेजारी रुग्णाची माहिती दाखवणाऱ्या यंत्रणेला दोन्ही चालणार नाहीत. शिवाय एका व्यवहाराच्या वाटेवर वीज, जाळं, साठवण, डेटाबेस असे दहा दुवे असतील आणि प्रत्येक जण ९९.९ टक्के भरवशाचा असेल, तर सगळी वाट मिळून ९९ टक्क्यांवर येते. म्हणजे वर्षाला सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी तास बंद. प्रत्येक पुरवठादाराचा आकडा खरा असतो आणि ग्राहकाचा अनुभवही खराच असतो.

हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आपल्या मालावर दहा लाख तास किंवा त्याहून जास्त एमटीबीएफ छापतात. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षं. एवढी जुनी डिस्क कोणी पाहिलेली नाही, कारण हा आकडा आयुष्याचा नाहीच. तरुण माणसांच्या एखाद्या गावात वर्षाला हजारात एक मृत्यू होत असेल, तर त्या गावाची ‘एमटीबीएफ’ हजार वर्षं निघेल. म्हणून तिथे कोणी हजार वर्षं जगत नाही. आकड्याचा खरा उपयोग समूहासाठी आहे. दहा हजार डिस्क असलेल्या केंद्रात दहा लाख तासांच्या हिशोबाने वर्षाला ८७-८८ डिस्क जाणार, म्हणजे साधारण दर चार दिवसांनी एक. तेवढ्या सुट्या डिस्क आणि त्या बदलायला तेवढे हात तयार ठेवायचे.

पण तो हिशोब तरी बरोबर आहे का? फेब्रुवारी २००७मध्ये कॅलिफोर्नियात सॅन होजे इथे साठवण-तंत्रज्ञांची परिषद भरली, तिथे एकाच वेळी दोन निबंध वाचले गेले. एक होता कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांचा. त्यांनी सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. छापील एमटीबीएफप्रमाणे वर्षाला एक टक्क्याहून कमी डिस्क बदलाव्या लागायला हव्या होत्या. प्रत्यक्षात दोन ते चार टक्के हे प्रमाण सर्रास होतं आणि काही ठिकाणी ते तेरा टक्क्यांपर्यंत गेलं होतं. दुसरा निबंध गूगलच्या तंत्रज्ञांचा होता. त्यांनीही स्वतःच्या लाखाहून अधिक डिस्क पाहिल्या. तापमान वाढलं की डिस्क मरतात, ही सर्वमान्य समजूत त्यांच्या नोंदींत तितकीशी टिकली नाही. वय वाढलं की प्रमाण वाढतं, हे मात्र दिसलं. पुढे २०१३पासून बॅकब्लेझ या कंपनीने आपल्या डिस्कच्या नोंदी नियमितपणे सगळ्यांसाठी खुल्या केल्या. आज कोणता नमुना किती टिकतो हे कोणालाही तिथे पाहता येतं, आणि उत्पादकांना ते नाकारता येत नाही. या क्षेत्रात इतकं उपयोगी काम फार थोड्यांनी केलं आहे.

तरीही डिस्क हा या गोष्टीतला लहान भाग आहे. जून १९८५मध्ये टँडेम कॉम्प्युटर्स या कंपनीतल्या जिम ग्रे यांनी एक अहवाल लिहिला: संगणक का थांबतात आणि त्यावर काय करता येईल. टँडेमची यंत्रं बँका आणि शेअर बाजारांत चालत. एक भाग गेला तर दुसरा लगेच काम उचलेल अशी त्यांची घडण होती. ग्रे यांनी ग्राहकांकडच्या बंद पडण्याच्या नोंदी चाळल्या. यंत्रसामग्रीमुळे झालेले प्रसंग १८ टक्के निघाले, सॉफ्टवेअरमुळे २५ टक्के. चालवणं, बदल करणं आणि देखभाल या माणसांच्या कामांत झालेल्या चुका ४२ टक्के होत्या. एवढ्या जुन्या अहवालातलं हे प्रमाण वाचताना आजचंच कोणी लिहिलंय असं वाटतं. ग्रे यांना पुढे १९९८चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. सॅन होजेच्या त्या परिषदेच्या काही दिवस आधीच, जानेवारी २००७मध्ये, ते सॅन फ्रान्सिस्कोहून एकटेच शिडाची होडी घेऊन समुद्रात गेले आणि परतले नाहीत. ते कधीच सापडले नाहीत.

माणसाकडून चूक होणारच हे मान्य केलं, की सगळं लक्ष दुसऱ्या आकड्याकडे, म्हणजे एमटीटीआरकडे जातं. २००२च्या सुमारास बर्कलीचे डेव्हिड पॅटरसन आणि स्टॅनफर्डचे आर्मांडो फॉक्स यांनी हीच बाजू उचलून धरली. बिघाड टाळण्याची धडपड पुष्कळ झाली, आता लवकर सावरण्यावर संशोधन करा, असं त्यांचं म्हणणं होतं. गणितही त्यांच्या बाजूचं आहे. दोन बिघाडांमधला काळ दुप्पट लांबवला काय किंवा दुरुस्तीचा निम्मा केला काय, उपलब्धता तेवढीच वाढते. आणि दुरुस्तीचा वेळ आपल्या हातात जास्त असतो.

मात्र हे घड्याळ सुरू कधी करायचं आणि थांबवायचं कधी, यावरच सगळे वाद आहेत. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभर गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून थांबले. कंपनीने ७८ मिनिटांत ती फाइल मागे घेतली. कंपनीच्या घड्याळात दुरुस्ती झाली होती. पण आधीच बंद पडलेला प्रत्येक संगणक कोणीतरी समोर बसून हाताने सुरू करायचा होता. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी बोर्डिंग पास पेनाने लिहून दिले गेले. अमेरिकेत डेल्टा विमान कंपनीची पाच दिवसांत सुमारे सात हजार उड्डाणं रद्द झाली. ७८ मिनिटं आणि पाच दिवस, दोन्ही आकडे एकाच बिघाडाचे आहेत. प्रवाशाच्या बाजूने मोजलेला आकडाच खरा धरायला हवा.

२८ फेब्रुवारी २०१७ची अ‍ॅमेझॉनची घटना याहून बोलकी आहे. एस-थ्री या साठवणसेवेच्या एका तंत्रज्ञाने काही सर्व्हर बाजूला काढण्याची आज्ञा दिली. ती देताना एक नोंद चुकली आणि ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. मुख्य उपयंत्रणा पूर्ण बंद करून पुन्हा सुरू कराव्या लागल्या. इतक्या मोठ्या विभागात त्या कित्येक वर्षांत पूर्णपणे पुन्हा सुरू केलेल्याच नव्हत्या. दरम्यान त्यांचा आकार अफाट वाढला होता. सगळं सुरळीत व्हायला चार तासांहून थोडा जास्त वेळ गेला. सेवा चालू आहे की बंद हे दाखवणारा फलकही एस-थ्रीवरच अवलंबून असल्याने सुरुवातीला तोही बदलता आला नाही. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप सुमारे सहा तास गायब झाले तेव्हाही असंच घडलं. कंपनीचं जाळं इंटरनेटवरून दिसेनासं झालं आणि दुरुस्तीची साधनंही त्याच जाळ्यावर होती. तंत्रज्ञांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावं लागलं, आणि तिथली सुरक्षाव्यवस्था पार करण्यातही वेळ गेला.

पान्ग्यो, एस-थ्री, फेसबुक. तिन्ही ठिकाणी दुरुस्तीची किंवा खबर देण्याची साधनं बिघाडाच्या आतच सापडली होती.

मुंबईचा धडा २४ फेब्रुवारी २०२१चा. राष्ट्रीय शेअर बाजाराचे (एनएसई) व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी पावणेचारला, आणि बाजाराची वेळ पाच वाजेपर्यंत वाढवावी लागली. एनएसईने पुढे दिलेलं स्पष्टीकरण मुंबईकराने वाचायलाच हवं. बाजाराच्या दोन केंद्रांमध्ये दोन दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या होत्या. एक तुटली तर दुसरी आहे, हा हिशोब. पण दोन्ही जोडण्या डळमळल्या, आणि त्याचं मुख्य कारण होतं दोन केंद्रांमधल्या रस्त्यावर चाललेलं खोदकाम आणि बांधकाम. त्यात साठवणयंत्रणा अशा वेळी जशी वागायला हवी तशी वागली नाही, जोखीम मोजणारी यंत्रणा बंद पडली आणि व्यवहार थांबवणं भाग पडलं.

कागदावर दोन ९९ टक्क्यांच्या जोडण्या मिळून ९९.९९ टक्के होतात. पण त्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच. दोन कंपन्यांशी करार केला म्हणून दोन केबल वेगळ्या ठरत नाहीत. त्या जमिनीखाली कुठून जातात हे पाहावं लागतं.

बाजाराची नियामक असलेल्या सेबीने तेव्हा विचारलेला प्रश्न नेमका होता: व्यवहार राखीव केंद्रावर का हलवले नाहीत? राखीव केंद्र होतं, पण तिकडे जाण्याचा निर्णय झाला नाही. प्रत्येक मोठ्या बिघाडात हा टप्पा येतो. आता सुरू होईल, दहा मिनिटांत होईल, अशा आशेवर तास निघून जातो. म्हणून मार्च २०२१मध्ये सेबीने त्या आशेलाच मुदत घातली. महत्त्वाची यंत्रणा थांबली तर ३० मिनिटांच्या आत ती आपत्ती म्हणून जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत कामकाज पुन्हा उभं करायचं. या नियमाचं महत्त्व ४५ मिनिटांपेक्षा त्या ३० मिनिटांत जास्त आहे. दुरुस्तीच्या वेळेतला मोठा भाग निर्णय न घेण्यात जातो, हे त्यात ओळखलेलं आहे.

आणि मुंबईने पुढे एक चांगली गोष्ट केली. शनिवार, २ मार्च २०२४ला शेअर बाजार खास उघडले. सव्वानऊ ते दहा मुख्य केंद्रावरून, साडेअकरा ते साडेबारा राखीव केंद्रावरून. व्यवहार खरे, पैसे खरे. मे महिन्यात पुन्हा तसंच सत्र झालं. राखीव केंद्र चालतं की नाही हे कळायचा याहून प्रामाणिक मार्ग नाही. मुख्य केंद्र चालू असताना, शांतपणे, ठरवून केलेली ही परीक्षा देजॉनने दिली असती, तर तीन तासांचा शब्द देण्याची वेळच आली नसती.

बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२०मध्ये कडक पाऊल उचललं. एचडीएफसी बँकेच्या आधीच्या दोन वर्षांतल्या बिघाडांचा आणि २१ नोव्हेंबरला मुख्य डेटा सेंटरची वीज गेल्याने झालेल्या खोळंब्याचा हवाला देऊन नव्या डिजिटल योजना आणि नवी क्रेडिट कार्डं तात्पुरती थांबवायला सांगितलं. निर्बंध पूर्ण उठायला मार्च २०२२ उजाडला. २१ नोव्हेंबरच्या त्या खोळंब्याआधी जेमतेम दीड महिना, १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी मुंबई महानगराची वीज गेली होती, लोकल रुळांवर उभ्या राहिल्या होत्या. शेअर बाजार मात्र त्या दिवशी चालू राहिले. वीज जाण्याचा प्रसंग आधीच कल्पून तयारी केलेली असते तिथे ती निभावून नेता येते.

आता सरासरीबद्दल. एका वर्षात दहा बिघाड झाले. नऊ दहा-दहा मिनिटांत सुटले, एकाला पंधरा तास लागले. सरासरी निघते ९९ मिनिटं. त्या वर्षात ९९ मिनिटांचा एकही बिघाड झालेला नाही. पुढच्या वर्षी तो एक मोठा प्रसंग टळला की सरासरी दहा मिनिटांवर येते आणि व्यवस्थापक बढती मागतो, जरी कोणी काहीही सुधारलेलं नसलं तरी. गूगलमधले तंत्रज्ञ स्टेपान डाविडोविच यांनी २०२१मध्ये खऱ्या बिघाडांच्या नोंदी घेऊन संगणकावर हजारो काल्पनिक वर्षं चालवून पाहिली. काहीही न बदलता एमटीटीआर सुधारल्यासारखा दिसतो आणि खरी सुधारणा झाली तरी तो बिघडल्यासारखा दिसू शकतो, इतके बिघाडांचे कालावधी विषम असतात. सरासरीऐवजी सर्वांत लांबलेला प्रसंग पाहावा. तो कळायला किती वेळ गेला, ठरवायला किती, दुरुस्त करायला किती, हे वेगवेगळं लिहावं. एकत्र बेरीज केली की शिकण्यासारखं जे असतं तेच पुसलं जातं.

असं लिहिण्याचा उत्तम नमुना गिटलॅब या कंपनीचा. ३१ जानेवारी २०१७च्या रात्री थकलेल्या एका तंत्रज्ञाने चुकीच्या सर्व्हरवरची माहिती पुसली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचारच उरले होते. बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या, आणि पाचांपैकी एकही नीट चालत नव्हती. रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरची आवृत्ती न जुळल्याने कधीचा अपयशी होत होता. अपयशाच्या सूचना ई-मेलने जात होत्या आणि त्या ई-मेल नाकारल्या जात होत्या. सुदैवाने त्याच तंत्रज्ञाने सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी हाताने एक प्रत काढली होती. ती संथ डिस्कवरून परत आणायला सुमारे १८ तास गेले. कंपनीने हे सगळं लपवलं नाही. दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली, टिपणं सर्वांसाठी खुली ठेवली, आणि त्या तंत्रज्ञाला बळीचा बकरा केलं नाही. जगभरच्या कित्येक तंत्रज्ञांनी दुसऱ्या दिवशी आपापले बॅकअप तपासले असतील, तर त्याचं श्रेय या मोकळेपणाला आहे.

भारतात असा मोकळेपणा अजून दुर्मीळ आहे. यूपीआयमध्ये कोणत्या बँकेचे किती टक्के व्यवहार तांत्रिक कारणाने फसले हे यूपीआय चालवणारी एनपीसीआय ही संस्था दर महिन्याला प्रसिद्ध करते, आणि ती चांगली सुरुवात आहे. पण का बंद पडलं, किती वेळात कळलं, निर्णय कोणी कधी घेतला, हे ग्राहकापर्यंत येत नाही. क्लाउड कंपन्यांच्या करारातले नवांचे आकडेही नीट वाचावेत. उपलब्धता करारापेक्षा खाली गेली तर भरपाई म्हणून पुढच्या बिलात काही टक्के सूट मिळते. दवाखान्याचं, परीक्षा मंडळाचं किंवा पतसंस्थेचं त्या दिवशी झालेलं नुकसान त्यात धरलेलं नसतं.

महाराष्ट्रातल्या ज्या सहकारी बँकांनी, रुग्णालयांनी, विद्यापीठांनी आणि महापालिकांनी आपल्या नोंदी डेटा सेंटरवर सोपवल्या आहेत, त्यांच्या सभासदांनी आणि विश्वस्तांनी येत्या वार्षिक सभेत तीन गोष्टी विचाराव्यात. बॅकअपमधून माहिती परत आणून शेवटचं कधी पाहिलं? त्याला प्रत्यक्षात किती तास लागले? आणि राखीव केंद्रावर जाण्याचा निर्णय रात्री दोन वाजता कोण घेणार? उत्तरं मिळाली तर ती इतिवृत्तात लिहून घ्यावीत. मिळाली नाहीत तर तारीख ठरवून चाचणी घ्यायला सांगावं आणि तिचा निकाल पुढच्या अहवालात छापायला लावावा.